आधी उमेदवारी, मग पाटी

१८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची कृती जगजाहीर झाली होती ऑगस्ट १८३९ मध्ये, म्हणजे ही विद्या तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती. ज्यांतून पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं ते चित्रकलेचे वर्ग याच संस्थेत भरू लागले १८५७ मध्ये. थोडक्यात, मुंबईच्या विद्यार्थ्यांना कॅमेऱ्याचं शिक्षण चित्रकलेच्या आधी दोन वर्षं मिळू लागलं होतं.

या वर्गात शिकून पुढे त्याच विद्येवर पोट कुणी भरलं, असं विचारलं की एक नाव ठळकपणे पुढे येतं: हरिश्चंद्र चिंतामण. शिकायला बसलेले अनेक असणार, पण शिकणं आणि स्वतःच्या नावाचा स्टुडिओ काढणं यांत मोठं अंतर होतं. आज कला महाविद्यालयातून फोटोग्राफी शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी ज्या जागी अडतो, तीच ही जागा. कॅमेरा हाताळता येतो, प्रकाश कळतो, चार चांगली कामं दाखवायला आहेत. पण जागा कुणाची, भांडवल कुणाचं आणि पहिलं गिऱ्हाईक आणायचं कुठून? मुंबई आणि आसपासच्या मुलखात हे अंतर कुणी कसं कापलं, त्याचा इतिहास फोटोंच्या इतिहासाइतकाच रंजक आहे.

त्या काळी कॅमेरा मुख्यतः ज्यांना त्यावर जगायचं नव्हतं अशांच्या हाती होता. ऑक्टोबर १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली ती अशाच हौशी मंडळींची. लष्करी अधिकारी, सरकारी नोकर आणि शहरातले सुखवस्तू लोक तिथे जमायचे, एकमेकांचे फोटो पाहायचे, रसायनांच्या प्रमाणांवर वाद घालायचे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतलं ठळक एतद्देशीय नाव. ते उत्तम फोटो काढायचे, पण घर चालायचं डॉक्टरीवर. विल्यम जॉन्सन हा साहेब सरकारी कचेरीत नोकरीला होता. त्याने विल्यम हेंडरसन याच्याबरोबर १८५६ ते १८५८ या काळात एक मासिक चालवलं, ज्याच्या अंकांत छापील चित्रांऐवजी खरेखुरे फोटो चिकटवलेले असत. मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो घालून जॉन्सनने पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडही काढले. पगार चालू असला की प्रयोग करण्याची हिंमत येते, हे मुंबईच्या पहिल्या फोटोग्राफरांनी फार लवकर ओळखलं होतं.

हिंमत लागायची, कारण प्रयोग महाग होता. ओल्या काचेची पद्धत १८५१ साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केली आणि पुढची जवळपास तीस वर्षं तिचंच राज्य राहिलं. स्वच्छ घासलेल्या काचेवर कलोडिअनचा थर सारखा पसरवायचा, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओलीच कॅमेऱ्यात चढवायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन डेव्हलप करायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. कलोडिअनमध्ये इथर असतो आणि मुंबईच्या उन्हाळ्यात तो भराभर उडतो, त्यामुळे इथल्या फोटोग्राफरला लंडनच्या भाईबंदाहून जास्त चपळ असावं लागे. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडत आणि ते डाग दिवसेंदिवस निघत नसत. पुढे प्रत काढायची ती अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर, चौकटीत घालून, उन्हात ठेवून. आभाळ भरून आलं की हे काम रेंगाळायचं. मग मुंबईच्या पावसाळ्यात धंद्याचं काय होत असेल ते सांगायला नको. काच, रसायनं, कागद हा बहुतेक माल बोटीने यायचा. वर्गात शिकलेल्या मुलाने हे सगळं विकत घेऊन दुकान थाटायचं म्हणजे पाठीशी कुणीतरी हवंच.

हरिश्चंद्र चिंतामण यांनी ते जमवलं. फोर्टातल्या रॅम्पार्ट रोवर त्यांचा स्टुडिओ होता. तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या ‘कार्त द व्हिझिट’ फोटोंची तेव्हा जगभर लाट होती. अशी कार्डं एकमेकांना द्यायची, अल्बममध्ये लावायची, प्रसिद्ध माणसांची असली तर विकतही घ्यायची. हरिश्चंद्रांच्या कॅमेऱ्यासमोर मुंबईतली नामांकित मंडळी बसली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले आणि सरकारने १८६८ पासून आठ खंडांत छापलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या प्रचंड ग्रंथासाठीही त्यांचं काम घेतलं गेलं. विद्यार्थी म्हणून सुरुवात केलेल्या माणसाला पंधरा वर्षांच्या आत याहून जास्त काय मिळायचं?

पण हरिश्चंद्रांचं मन स्टुडिओत मावत नव्हतं. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांचे प्रतिनिधी म्हणून ते लंडनला गेले आणि १८७४ मध्ये तिथे त्यांनी भगवद्गीतेवर इंग्रजीत भाष्यही प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केलं आणि हा आश्रय संपला. मुंबईत परतल्यावर ते आर्य समाजात वावरू लागले. फेब्रुवारी १८७९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताचा सगळा घाट हरिश्चंद्रांनी घातला. ऑल्कॉट यांनी आठवणींत लिहून ठेवलंय की या थाटामाटानंतर यजमानांनी घरभाड्यापासून समारंभाच्या खुर्च्यांपर्यंत सगळ्याचं बिल पाहुण्यांच्याच हातावर ठेवलं. पुढे पैशांवरून त्यांचं फाटलं. ही अर्थात एका बाजूची हकिकत आहे. तरी गिऱ्हाइकाला बिल वेळेवर द्यावं, ही स्टुडिओवाल्याची सवय तिच्यात दिसते असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

वर्गात न बसता शिकलेला आणि सगळ्यांच्या पुढे गेलेला माणूस म्हणजे लाला दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. शिक्षण रुरकीच्या थॉमसन इंजिनिअरिंग कॉलेजात. १८६६ मध्ये त्यांनी होळकरांच्या इंदुरात बांधकाम खात्यात नोकरी धरली. काम होतं खर्चाचे अंदाज काढण्याचं आणि नकाशे आखण्याचं. कॅमेरा हातात आला १८७४ च्या सुमारास, वयाच्या तिशीत. इंदूरला ब्रिटिशांचे एजंट असलेले सर हेन्री डेली यांनी उत्तेजन दिलं, ओळखी करून दिल्या. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५-७६ च्या दौऱ्यात दीनदयाळांनी फोटो काढले ते याच ओळखींच्या बळावर. पण त्यांनी नोकरी सोडली नाही. आधी रजा काढली, मध्य हिंदुस्थानातल्या वास्तूंचे फोटो जमवले, बाजार जोखला. आणि हैदराबादच्या निजामाचा आश्रय मिळाल्यानंतर, १८८५ नंतरच्या एक-दोन वर्षांत, सरकारी चाकरीला रामराम ठोकला. सिकंदराबादचा स्टुडिओ १८८६ चा, मुंबईचा १८९६ चा. १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ निघाला, तो सांभाळायला केनी-लेव्हिक नावाची मडम ठेवली होती. निजामाने ‘राजा मुसव्वर जंग बहादुर’ हा किताब दिला, १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीची सनद आली.

बारा वर्षं पगारावर राहून शिकलेला हा उमेदवार पुढे फोटोग्राफर कमी आणि कारखानदार जास्त झाला, असं त्याचा कारभार पाहून म्हणावंसं वाटतं. मुंबईचा स्टुडिओ उघडला त्याच वर्षी शहरात प्लेग शिरला आणि माणसं गाव सोडून पळू लागली. तरीही पेढी टिकली, कारण ती एका शहरावर किंवा एका माणसावर उभी नव्हती. १९०५ मध्ये दीनदयाळ वारले.

याच काळात दुसरा एक विद्यार्थी गुजरातेत हेच सगळं करून पाहत होता आणि पुन्हा पुन्हा आपटत होता. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळक्यांच्या चरित्रात त्यांची स्टुडिओची वर्षं नेहमी दोन ओळींत उरकली जातात. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाकडे जायची घाई असते. पण फोटोग्राफीच्या विद्यार्थ्याने वाचावीत ती हीच वर्षं. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके १८८५ मध्ये जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले आणि १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात गेले. मल्हाररावांच्या जागी गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी त्याच वर्षी ही संस्था सुरू केली होती. तिथे शिल्प, चित्र, रसायन, यंत्रविद्या असं सगळं एका छपराखाली होतं. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात फाळक्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळालं आणि त्यावर खूश झालेल्या एका चाहत्याने त्यांना महागडा कॅमेरा भेट दिला. कॅमेरा असा फुकट हाती येणं ही मोठी गोष्ट होती. पण गज्जरांनी जे केलं ते त्याहून मोठं.

गज्जरांनी या विद्यार्थ्याला रतलामला बाबुलाल वरुवाळकर यांच्याकडे पाठवलं. तिथे तीनरंगी ब्लॉक बनवणं, फोटोलिथो आणि डार्करूमचं काम तो शिकला. परतल्यावर १८९३ मध्ये कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्याला स्वतःचा धंदा करायला वापरू दिली. ‘श्री फाळकेज एन्ग्रेव्हिंग अँड फोटो प्रिंटिंग’ हे त्या धंद्याचं नाव. जागा संस्थेची, यंत्रं संस्थेची, पाटी मात्र विद्यार्थ्याची! आजच्या किती कला महाविद्यालयांत प्राचार्य असं करतील? कलाभवनातली ही व्यवस्था म्हणजे आपल्याकडची, विद्यार्थ्याने संस्थेच्या आत राहून स्वतःची प्रॅक्टिस उभी करण्याची फार जुनी आणि फार शहाणी तऱ्हा होती.

तरी त्यावर घर चालेना. १८९५ मध्ये फाळके गोध्र्याला गेले आणि पूर्ण वेळ फोटोग्राफर झाले. गाव लहान, स्पर्धा नाही, हिशोब बरोबरच असावा. पण १९०० च्या प्लेगने गोध्र्यात त्यांची बायको आणि मूल गेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा दुकान मांडलं, तर शहरात बोलवा उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो. आज हसू येतं. पण ज्या शहरांनी नुकताच प्लेग पाहिला होता, तिथे लोक काळ्या कापडाखाली डोकं घालून बसलेल्या माणसाला बिचकले यात नवल ते काय? फाळक्यांनी पुष्कळ समजावलं. गिऱ्हाईक काही आलं नाही.

मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले. फोटोच्या स्टुडिओत मागे लावायचा महालाचा, बागेचा, जिन्याचा पडदा आणि रंगभूमीवरचा पडदा यांत कारागिरी एकच, फरक आकाराचा. त्यामुळे हे धंदा सोडणं नव्हतं, बाजूच्या दाराने आत येणं होतं. या दिवसांत नाटकधंद्याशी जुळलेला संबंध पुढे घरापर्यंत पोचला. १९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं ते किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या भाचीशी. याच सरस्वतीबाई पुढे सिनेमाच्या काळात फिल्म धुण्यापासून सगळ्या कामांत त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. १९०३ मध्ये फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून नोकरी धरली, ती १९०६ मध्ये सोडली, लोणावळ्याला छापखाना काढला, भागीदारीत तो दादरला आणला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले आणि अखेर भागीदारांशी न पटून तिथूनही बाहेर पडले. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ एकट्या माणसाने जवळपास सगळ्या अंगांनी सांभाळला याचं आपण कौतुक करतो. ब्लॉक, रसायन, पडदा, कॅमेरा, छपाई यांतलं एकेक काम पोटासाठी करत तो माणूस वीस वर्षं तयार होत होता.

पुढच्या पिढीत साधनं सोपी झाली. आयत्या कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली, छोटे कॅमेरे आले. ज्याच्या हाती थोडे पैसे आहेत त्याला काच घासत बसायची गरज उरली नाही. अडचणीचं रूप मात्र बदललं. होमाई व्यारावाला यांचं उदाहरण घ्यावं. १९१३ मध्ये नवसारीला जन्म, वडील पारशी नाटक कंपनीत नट. मुंबईत जे. जे. मध्ये त्या चित्रकला शिकत होत्या आणि कॅमेरा शिकत होत्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. महिलांच्या सहलीचे त्यांनी काढलेले फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले आणि दर फोटोमागे एक रुपया दिला. जे. जे. मधल्या मैत्रिणी, मुंबईचे रस्ते, कामावर निघालेल्या बायका हे त्यांचे सुरुवातीचे विषय. विद्यार्थिनीला मॉडेल, भाडं आणि परवानगी यांचा खर्च परवडत नाही, मग ती आजूबाजूलाच बघते. आणि त्याच फोटोंतून १९३० च्या दशकातल्या मुंबईच्या तरुण मुली आज आपल्याला दिसतात.

पण छापून येताना त्या फोटोंखाली बऱ्याचदा माणेकशांचं नाव असे. बाई फोटो काढते हे संपादकांच्या आणि वाचकांच्या पचनी पडायला वेळ होता, पतीचं नाव बाजारात चालत होतं. १९४२ मध्ये दोघं दिल्लीला गेले. तिथे स्वातंत्र्याच्या आसपासची सगळी धामधूम होमाईंनी टिपली आणि त्यांच्या गाडीच्या नंबरावरून घेतलेलं ‘डालडा १३’ हे टोपणनाव रूढ झालं. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाला. ज्या बाईचे पहिले फोटो दुसऱ्याच्या नावावर गेले, तिचा हा प्रवास मोजायचा तर त्या एका रुपयापासून मोजायला हवा.

स्टुडिओचा पारंपरिक धंदा तोवर गावोगाव पोचला होता. तिथली उमेदवारी कुठल्या वर्गात नव्हती. पोरगा आधी झाडू मारायचा, मग ट्रे धुवायचा, हायपो कालवायचा, मग कधीतरी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करायला बसायचा. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरची आठी त्याच्या पेन्सिलीखाली नाहीशी व्हायची. कॅमेऱ्यामागे उभं राहायची पाळी फार उशिरा यायची, आणि ज्याच्यावर ती आली तो बहुधा थोड्याच दिवसांत पलीकडच्या गल्लीत स्वतःची पाटी लावायचा.

मुंबईत पाटी कुठे लावायची, याला महत्त्व होतं. फाळणीनंतर कराचीहून आलेले जे. एच. ठक्कर यांनी १९४८ मध्ये दादरला ‘इंडिया फोटो स्टुडिओ’ काढला. दादर-परळच्या पट्ट्यात तेव्हा सिनेमाचे स्टुडिओ होते, नटनट्यांची ये-जा होती. ठक्करांच्या दिव्यांखाली हिंदी सिनेमाचे मोठमोठे चेहरे येऊन बसले. दुकान दोन स्टेशनं पलीकडे असतं तर हे घडलं असतं का, याची शंका घ्यायला जागा आहे.

चेहऱ्यांचा तोच धंदा पुढे एका मराठी माणसाने वेगळ्या वाटेने केला. १९५० साली जन्मलेले गौतम राजाध्यक्ष सेंट झेवियर्स कॉलेजात रसायनशास्त्र शिकले, तिथे काही काळ शिकवलंही. १९७४ मध्ये ते ‘लिंटास’ या जाहिरात कंपनीत गेले आणि तिथल्या फोटो विभागाचे प्रमुख झाले. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम यांचे फोटो काढून त्यांनी सुरुवात केली ती नोकरी सांभाळूनच. नोकरी सोडली १९८७ मध्ये. म्हणजे ज्या वर्षांत त्यांचं नाव घरोघर पोचलं, त्यांतली बरीचशी वर्षं ते महिन्याच्या पगारावर होते. शंभर वर्षांपूर्वी दीनदयाळांनी इंदूरच्या कचेरीत बसून नेमकं हेच केलं होतं. राजाध्यक्षांचं ‘फेसेस’ हे पुस्तक १९९७ मध्ये आलं, ‘चंदेरी’ या मराठी सिनेनियतकालिकाचं संपादनही त्यांनी केलं, आणि २०११ मध्ये ते गेले.

या सगळ्यांत एकट्या हुशारीवर उभा राहिलेला कुणीच सापडत नाही. कुणाला दरबार होता, कुणाला पगार, कुणाला गुरूची डार्करूम, तर कुणाला नवऱ्याचं नाव उसनं घ्यावं लागलं. ‘स्वतंत्र’ स्टुडिओ हा इथे नेहमी दुसऱ्याच्या ओसरीवर सुरू झाला, आणि त्यात कमीपणा वाटावा असं काही नाही.

फोटोग्राफीच्या विद्यार्थ्याला स्वतःचं पहिलं काम शोधायचं असेल, तर त्याने आपल्या तालुक्याच्या गावातला सर्वांत जुना स्टुडिओ गाठावा. तिथे रंगवलेला पडदा गुंडाळून ठेवलेला असेल, निगेटिव्हचे डबे असतील, गिऱ्हाइकांची वही असेल आणि ती उघडून दाखवणारा म्हातारा मालक असेल. मालकाची परवानगी घ्यावी, त्याच्याशी बोलावं, नावं आणि वर्षं लिहून काढावीत, निगेटिव्ह स्कॅन करून द्यावेत. हरिश्चंद्र चिंतामण आणि दीनदयाळ यांचे फोटो संग्रहालयांत जपले गेले आहेत. गावच्या स्टुडिओचे डबे दुकान विकलं की भंगारात जातात.